येणे बाकी

चौपन्नाव्या वर्षी व्हायोलिन घेतलं.
जुनंच, उदगीरच्या एका बँडवाल्याकडून.
पेटीचा एक खटका तुटलेला,
तिथं सुतळी बांधलीय,
तुरीच्या पोत्याची.

क्लास झेरॉक्सच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्याला.
खाली फिजिक्स, मध्ये बायोलॉजी,
अख्खा जिना सतरा वर्षांच्या चपलांनी भरलेला.
पहिल्या दिवशी वॉचमननं अडवलं,
"कुणाला सोडायला आलाव, काका?"
म्हटलं, मलाच.

शिवलीला मॅडम चोवीस वर्षांच्या.
काका म्हणतात आणि रागावतात, एकाच दमात.
मांडी घाला. टोक उजव्या पायावर टेकवा.
खांदा सोडा, सोडा म्हणते ना.
गुडघा कुरकुरतो माझा,
तो कुठल्याच सुरात नसतो.

"याला पडदे नसतात," त्या म्हणाल्या,
"गंधार कुठं आहे
ते कुणी खूण करून ठेवलेलं नाही."
घरी येऊन मी पेननं केली,
दुसऱ्या बोटाखाली, बारीक, निळी.
पुढच्या गुरुवारी त्यांनी ओल्या कापसानं पुसली.
बोलल्या काहीच नाहीत.

गजाला राळ लावतो, भुकटी मांडीवर पडते.
गिरजा म्हणते, कुणाच्या गिरणीत बसलावता?
शेजारच्या खोलीत पोरं राहतात,
दोघं परभणीचे, एक अहमदपूरचा.
पावणेदहाला भिंतीवर थाप पडते,
"काका, उद्या टेस्ट हाय."
मग गज ठेवून देतो.
नुसतीच बोटं टाकतो तारेवर,
टप, टप,
डाळ निवडताना खडा ताटाबाहेर पडावा
एवढाच आवाज.

आमच्या आडतीवर पूर्वी
भाव रुमालाखाली ठरायचा.
घेणारा हात घालायचा, देणारा हात घालायचा,
वर तोंडं सोयरिकीचं बोलायची
आणि खाली बोटं.
बोट दाबलं तर काय, पेर दाबलं तर काय,
मला झोपेतसुद्धा कळायचं.
बंकटशेठ म्हणायचे,
मुनीम, डोळ्याला भाव कळत नसतो.
आता भिंतीवर आकडे पळतात.
रुमाल घाम पुसायला उरला.
बोटांचं काय झालं, कुणी विचारलं नाही,
मीही नाही.

परवा गंधार नवव्यांदा चुकला
तेव्हा खिशातला रुमाल काढून
डाव्या हातावर टाकला.
मॅडम हसतील वाटलं. हसल्या नाहीत.
बोट चाचपत गेलं,
थोडं पुढं, नको,
केसाएवढं मागं,
सौदा मोडता मोडता जुळावा तसं,
आणि तार अशी बोलली
की मला वाटलं खालचं फिजिक्स थांबलं.
थांबलं नव्हतं.
मॅडम म्हणाल्या, हं.
मग म्हणाल्या, परत.
परत काढला.
नव्हता.

रात्री वही उघडतो. दुकानात उरलेली, लाल कापडाची.
षड्ज: जमा.
पंचम: जमा, बऱ्यापैकी.
रिषभ: हप्त्या-हप्त्यानं.
गंधार: एकदा आला. रुजू.
बाकी येणे.
पस्तीस वर्षं दुसऱ्याच्या वह्या लिहिल्या,
स्वतःच्या नावाचं पान हे पहिलंच,
आणि त्यातही खाडाखोड.

दुसऱ्या बोटाच्या शेंड्याला घट्टा धरलाय.
काल रेशनच्या मशीनवर
सहज तेच बोट ठेवलं.
पुसून ठेवलं. फुंकर मारून ठेवलं.
लाल दिवा.
दुकानदार म्हणाला,
"मुनीम, हे बोट तुमचं न्हाई म्हणालंय."

व्हायलंय, म्हटलं.
आत्ता कुठं व्हायलंय.